येर्मोलाय इल्यिनच्या तीन बायका
(लेखमाला : इतिहासातल्या क्रूरकर्मा स्त्रिया, भाग पाचवा)

कातेरिना सेम्योनोवा, फेदोस्या आर्तामोनोवा, आक्सिन्या याकोव्लेवा. या विषयावर लिहिताना मारणारीचं नाव ठळक होतं आणि मेलेल्यांचा नुसता आकडा उरतो, म्हणून या वेळी सुरुवात या तीन नावांनी करावीशी वाटली. तिघी अठराव्या शतकातल्या रशियातल्या. तिघीही एकाच मालकिणीच्या घरी राबायच्या आणि एकीमागून एक, एकाच माणसाच्या बायका झाल्या. त्याच घरचा मोतद्दार येर्मोलाय इल्यिन हा तो माणूस. मालकिणीने पहिलीला मारलं, मग दुसरीला, मग तिसरीला.

ही मालकीण म्हणजे दार्या निकोलायेव्हना साल्तिकोवा. रशियात आजही तिला साल्तिचिखा या तुच्छतेच्या नावानेच ओळखतात.

मागच्या भागात आपण हंगेरीची एलिझाबेथ बाथोरी पाहिली. तिथे पावलोपावली अडचण होती. साडेसहाशे बळींचा आकडा ऐकीव, खुद्द बाथोरीवर खटला चाललाच नाही आणि रक्ताच्या स्नानाची गोष्ट तर ती गेल्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, 1729मध्ये छापून आली. साल्तिकोवाच्या बाबतीत असं धुकं नाही. सहा वर्षं चाललेला तपास आहे, साक्षी आहेत, निकाल आहे. म्हणूनच मला हे प्रकरण जास्त हादरवतं. इथे दंतकथेला बोल लावून सुटता येत नाही.

दार्याचा जन्म 1730चा, खानदानी घरातला. नवरा ग्लेब साल्तिकोव शाही घोडदळातला अधिकारी, आणि साल्तिकोव घराणं म्हणजे दरबारात थेट वरपर्यंत हात पोहोचलेलं. पंचविशी उलटते न उलटते तोच ती विधवा झाली. पदरात दोन मुलगे, मॉस्कोत मोक्याच्या जागी वाडा, शहराबाहेर त्रोइत्स्कोये गावची जहागीर, इतर प्रांतांतही जमिनी आणि या सगळ्यासोबत सुमारे सहाशे भूदास.

भूदास म्हणजे जमिनीला बांधलेला शेतकरी, अशी व्याख्या आपण शाळेत शिकलो. रशियात तोवर ही व्याख्याही सौम्य ठरली होती. तिथले भूदास जमिनीशिवाय, सुटे विकले जात. मालक त्यांना शेतातून उचलून घरकामाला लावू शकत असे, त्यांची लग्नं जुळवू किंवा अडवू शकत असे, फटके तर रोजचेच. 1760पासून त्यांना सैबेरियात धाडायचा अधिकारही जमीनदाराला मिळाला. जीव घेण्याचा हक्क मात्र कागदावर कोणालाच नव्हता. पण मालकाविरुद्ध तक्रार घेऊन जायचं कुठे? 1649च्या कायद्याने भूदासाची तक्रार जवळजवळ मोडीतच काढली होती. राजद्रोहाचा आरोप असेल तरच त्याचं म्हणणं ऐकलं जाई.

साल्तिकोवाच्या घरातली रीत साक्षीदारांनी अगदी बारकाव्यांसह सांगितली आहे. कारण बहुतेक वेळा एकच: लादी नीट पुसली नाही, किंवा कपडे स्वच्छ धुतले नाहीत. मालकीण आधी हाताला येईल त्याने स्वतः मारायची. लाटणं, काठी, सरपणाचं लाकूड. कधी उकळतं पाणी अंगावर ओतायची, कधी केस कुरळे करायचा तापलेला चिमटा कातडीला लावायची. हात दुखून आले की मोतद्दारांना बोलवून पुढचे फटके त्यांच्याकडून मारून घ्यायची. बाई उठू शकली तर तिला पुन्हा लादी पुसायला लावायची.

मेलेल्यांत जवळपास सगळ्या बायका आणि मुली आहेत, पुरुष दोन-तीनच. यामागे कुणी मनाचे गूढ खेळ शोधतात. मला वाटतं, उत्तर त्या लादीपाशीच आहे. घरात, मालकिणीच्या हाताच्या अंतरावर वावरायच्या त्या बायकाच. पुरुष तबेल्यात, अंगणात, शेतावर असत. शिवाय फटके मारायला पुरुष लागायचेच. इल्यिनसारख्या माणसाची कोंडी इथे कळते. ज्या हातांनी इतरांना फटके मारायचे, त्याच हातांनी स्वतःच्या बायकोला मूठमाती द्यायची. तिसरी बायको गेल्यावर मालकिणीने त्याला बजावलं होतं की तक्रार करायला गेलास तरी पदरात काही पडायचं नाही, चाबकाचे फटके तेवढे मिळतील.

ती खोटं बोलत नव्हती. तिच्याविरुद्ध एकवीस तक्रारी झाल्या होत्या. एकवीस वेळा कुणीतरी जीव मुठीत धरून सरकारी कचेरीची पायरी चढलं होतं. दर वेळी तक्रार दाबली गेली आणि तक्रारदारांच्या वाट्याला चाबूक, सैबेरिया नाहीतर पुन्हा त्याच मालकिणीचा उंबरा आला. ही दाबादाबी कशी झाली, तेही पुढे कळलं, कारण बाईने लाच दिल्याचे हिशेब लिहून ठेवले होते! कोणाला दिले, किती दिले, सगळं तिच्या वहीत.

ही वही माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा आहे. तरुण वैधव्याने ती सैरभैर झाली, डोकं फिरलं, असं तिच्याबद्दल वारंवार लिहिलं जातं. शेजारचा जमीन मोजणी अधिकारी निकोलाय त्युत्चेव याच्याशी तिचे संबंध होते, तो दुसरीशी लग्न करायला निघाला तेव्हा तिने त्याचं घर स्फोटकांनी उडवून द्यायचा आणि मग वाटेत गाठून त्याला मारायचा घाट घातला, हेही खरं आहे. प्रेमभंगाची ही गोष्ट सांगायला सोपी, म्हणून तिला भलतंच महत्त्व मिळालं. पण डोकं फिरलेलं माणूस लाचेचा जमाखर्च ठेवत नाही. मेलेली बाई आजारी होती किंवा पळून गेली, अशी कागदावर नोंद करून घेत नाही. तिला नेमकं ठाऊक होतं की काय केलं तर खपतं आणि किती पैशात खपतं. आणि त्युत्चेववर हात टाकताना काय झालं पाहा. तिच्या माणसांनी कच खाल्ली, त्याला आधीच कुणकुण लागली आणि तो सरळ सरकारदरबारी गेला. उमरावाला मारणं सोपं नव्हतं. लादी पुसणारीला मारणं सोपं होतं.

1762च्या उन्हाळ्यात कॅथरीन दुसरी सत्तेवर आली. त्याच सुमारास इल्यिन आणि त्याचा सोबती सावेली मार्तिनोव मॉस्कोहून पळाले, राजधानी सेंट पीटर्सबर्गला पोहोचले आणि मालकिणीने शंभराच्या आसपास माणसं मारल्याचा अर्ज त्यांनी राणीपर्यंत पोहोचवला. पकडले गेले असते तर काय झालं असतं, हे त्या दोघांना बाकी कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. या लेखमालेत धाडस हा शब्द मी फारसा वापरलेला नाही. इथे तो वापरायलाच हवा.

तपास स्तेपान वोल्कोव या अधिकाऱ्याकडे आला. त्याला घराण्याचं पाठबळ नव्हतं, आणि त्याचाच इथे उपयोग झाला. त्याने भूदासांच्या याद्या काढल्या आणि नावं ताडून पाहिली. काल-परवा घरकामाला आलेली धडधाकट वीस वर्षांची मुलगी काही आठवड्यांत मेल्याची नोंद एकदा दिसली तर समजू शकतं, पण अशा नोंदींची रांगच लागली. अशी 138 संशयास्पद नावं त्याने बाजूला काढली. शेकडो माणसांच्या जबान्या झाल्या. साल्तिकोवाने मात्र एकाही खुनाची कबुली दिली नाही. वोल्कोवने तिचा छळ करून वदवून घ्यायची परवानगी मागितली, कॅथरीनने नाकारली. तिचं मन वळवायला चार महिने एका धर्मगुरूला तिच्याजवळ ठेवलं, तिला दुसऱ्या एका गुन्हेगाराचा छळही दाखवला. ती बधली नाही. शेवटी 38 खून सिद्ध झाले आणि आणखी 26 मृत्यूंबाबत संशय कायम राहिला.

शिक्षा 1768च्या ऑक्टोबरात झाली. उमरावपद गेलं, बापाचं आणि नवऱ्याचं आडनाव लावायला बंदी झाली. मॉस्कोच्या लाल चौकात तासभर खांबाला बांधून उभं केलं, गळ्यात तिच्या गुन्ह्याची पाटी. मग इव्हानोव्स्की मठाच्या तळघरात जन्मकैद. तिथे उजेड मिळायचा तो फक्त जेवणाच्या वेळी, मेणबत्तीचा. अकरा वर्षांनी तिला गज असलेल्या खिडकीच्या कोठडीत हलवलं. खिडकीशी लोक तिला बघायला गर्दी करायचे. 1801मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी ती वारली. तिच्या हुकुमावरून फटके मारणाऱ्या मोतद्दारांना आणि मृतांना मुकाट्याने पुरणाऱ्या गावच्या पाद्र्याला चाबकाचे फटके मारून, नाकपुड्या कापून सैबेरियात सक्तमजुरीला पाठवलं. तिच्या अंगाला चाबूक लागला नाही.

कॅथरीनच्या न्यायप्रियतेचा दाखला म्हणून ही कहाणी सहसा इथे संपवतात. पण खटला अजून चालू असताना, 1767मध्ये, राणी व्होल्गाकाठच्या दौऱ्यावर गेली. वाटेत तिच्या हातात शेकडो अर्ज पडले, त्यांतले पुष्कळसे जमीनदारांविरुद्ध भूदासांचे. म्हणजे इल्यिन-मार्तिनोवने केलं तेच आता इतर करू पाहत होते. 22 ऑगस्ट 1767 रोजी फर्मान निघालं: जमीनदाराविरुद्ध राणीकडे अर्ज करणाऱ्या भूदासाला चाबकाचे फटके आणि नेर्चिन्स्कच्या खाणींत जन्मभर सक्तमजुरी. सगळ्यांच्या कानावर जावं म्हणून महिनाभर दर रविवारी आणि सणावारी चर्चमधून ते वाचून दाखवायचा हुकूम होता. त्याच साली हीच राणी कायदा सुधारायला मंडळ बोलावते आणि त्याच्यासाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत छळाचा निषेध करते, हे सोबत ठेवून वाचलं की संताप येतो. तिला परिस्थिती ठाऊक नव्हती असंही नाही. मॉस्कोत लोखंडी पट्टे, साखळ्या आणि चाबूक नसलेलं घर सापडणं कठीण, असं तिने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

म्हणून साल्तिकोवाचं नाव अशा याद्यांमध्ये ज्या तऱ्हेने येतं, ते मला पटत नाही. बाई असून इतकी क्रूर, याचंच नवल सगळीकडे. तिच्या गुन्ह्यात बाईपणाचा भाग लाटण्यापुरता आणि चिमट्यापुरता होता. बाकी सगळं, म्हणजे माणसांची मालकी, बंद केलेली तक्रारीची वाट, विकत मिळणारी कचेरी, हे तिला राज्याने दिलं होतं. ते प्रत्येक जमीनदारालाही दिलं होतं. 1809मध्ये फील्डमार्शल मिखाईल कामेन्स्की याला त्याच्याच एका भूदासाने मारलं. त्याच्याही जाचाच्या कहाण्या होत्या, पण क्रूर पुरुषांच्या यादीत त्याला शोधायला कोणी जात नाही.

त्रोइत्स्कोये गाव पुढे विकलं गेलं. आधी ते साल्तिकोवाच्या बहिणीच्या नवऱ्याने घेतलं, मग त्याच्याकडून निकोलाय त्युत्चेवने, ज्याला तिने मारायचा घाट घातला होता त्यानेच. कवी फ्योदोर त्युत्चेव हा त्याचा नातू, लहानपणी त्याचे उन्हाळे याच गावात गेले. गावासोबत तिथले भूदासही नव्या मालकाकडे गेले. ते पिढ्यान्‌पिढ्या भूदासच राहिले, 1861पर्यंत.

(पुढच्या भागात : 10 एप्रिल 1834, न्यू ऑर्लिन्समधल्या डेल्फीन लालॉरीच्या घराला लागलेली आग.)