लॅपटॉप जागा होतो, वाय-फाय का नाही?

कारण आणि कार्य यांचा विचार नेहमी पर्वतावरच्या धुरापासून सुरू होतो. आज आपण जरा घरातलं उदाहरण घेऊ. लिनक्सवर चालणारा लॅपटॉप आहे. झाकण मिटलं, तासाभराने उघडलं. काम जिथं सोडलं तिथंच आहे, पण वाय-फाय काही जोडलं जात नाही. शेजारी मोबाइल त्याच राउटरवर छान चालू आहे. मग आपण काय करतो? लॅपटॉप रीस्टार्ट करतो. वाय-फाय येतं. उद्या पुन्हा तेच!

आता बघा, रीस्टार्टने दुखणं गेलं, कारण कळलं का? नाही. कारण रीस्टार्टमध्ये रेडिओ, ड्रायव्हर, नेटवर्कची सेवा, पत्ता असं सगळंच एकदम नव्याने सुरू होतं. गुण कशाने आला हे सांगणार कसं? जॉन स्टुअर्ट मिलने 1843 मध्ये तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात व्यतिरेकाची पद्धत मांडली. दोन प्रसंग बाकी सगळ्या बाबतींत सारखे, फरक एकाच गोष्टीचा, आणि परिणामही बदलला, तर कारण त्या गोष्टीत शोधावं. आपल्या न्यायशास्त्रातला अन्वय-व्यतिरेक याच्या जवळचा. थोडक्यात, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आता खालून वर एकेक पायरी चढू.

पहिली पायरी रेडिओची. टर्मिनल उघडून 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा द्यावी. तिथं 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'यस' दिसलं तर रेडिओ सॉफ्टवेअरने बंद केलाय, तो आज्ञेनेच उघडता येतो. 'हार्ड ब्लॉक्ड' असेल तर बटण किंवा कळ शोधावी. तिथं आज्ञा चालत नाही.

दुसरी पायरी ड्रायव्हरची. 'एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस' म्हटलं की यादी येते. रेडिओ उघडा असूनही वाय-फायचं कार्ड यादीतच नसेल किंवा 'अनअव्हेलेबल' दिसत असेल, तर संशय ड्रायव्हरवर किंवा फर्मवेअरवर. झोपेतून उठताना कार्ड पुन्हा कामाला लावावं लागतं, आणि तिथं गाडी अडू शकते. 'डीमेसेज'मध्ये कर्नलच्या नोंदी पाहाव्यात. 'मॉडप्रोब'ने फक्त ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवावा. तेवढ्याने वाय-फाय आलं तर दुखण्याची जागा सापडली म्हणायची. मग कर्नल आणि फर्मवेअर अद्ययावत करून पाहावं.

तिसरी पायरी जोडणीची. यादीत 'डिस्कनेक्टेड' दिसतंय, म्हणजे कार्ड जागं आहे, फक्त कुणाला जोडलेलं नाही. 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट'मध्ये आपलं नेटवर्क दिसतं का? दिसत असेल तर 'ऑटोकनेक्ट' चालू आहे ना, ते बघावं. नेटवर्कमॅनेजर आपणहून जोडण्याचा प्रयत्न मुळात 4 वेळा करतो, मग काही काळ थांबतो. राउटर उशिरा सुरू झाला तर हीच अडचण होऊ शकते. तो आकडा 0 केला की तो प्रयत्न सोडत नाही. पासवर्ड नाकारला गेला असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या नोंदीत त्याची खूण मिळते. त्यासाठी 'जर्नलसीटीएल' आहे.

चौथी पायरी पत्त्याची. 'कनेक्टेड' दिसतंय, पण पान उघडत नाही. आधी राउटरला पिंग करावं, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला आकड्यांनी, मग नावाने. आकड्यांनी जातं आणि नावाने जात नाही, तर दोष बहुधा डीएनएसचा.

आणि बसल्या बसल्या वाय-फाय तुटत असेल, तर वीजबचत तपासावी. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये 'वायफाय डॉट पॉवरसेव्ह'ची किंमत 2 केली की ती बंद होते. पण एक दिवस नीट चाललं म्हणून लगेच निकाल देऊ नये, बरं का. बसायला कावळा आणि मोडायला फांदी अशी गाठ कधीही पडते. चार-आठ दिवस पाहावं, मग तीच बचत पुन्हा चालू करावी. त्रास परत आला, तर कारणाबद्दल बोलायला आपल्याला आधार मिळाला.

कुणी म्हणेल, रीस्टार्टला एक मिनिट लागतं, एवढा खटाटोप कशाला? घाईत असाल तर जरूर करा. पण त्याआधी निदान 'डिव्हाइस स्टेटस' आणि नोंदी एका फाइलीत ठेवा. नोंदी मागाहून मिळतीलही. बिघडलेली ती अवस्था मात्र रीस्टार्टबरोबर पुसली जाते. आणि कारण ठाऊक नसलं की आपण दोष कुणाच्या तरी माथी मारतोच. केबलवाल्याला फोन करून चार शब्द ऐकवतो, राउटर बदलतो, धडधाकट लॅपटॉप भंगारात काढतो. मोबाइल त्याच राउटरवर चालू होता, हा पुरावा तर समोरच होता. तो राउटरला पूर्ण निर्दोष ठरवत नाही, कारण राउटर एखाद्याच यंत्राला अडवू शकतो. पण केबलवाल्याला बोल लावण्याआधी आपलंच यंत्र तपासावं, एवढं तो नक्की सांगतो.