पाणबुड्यांचे खुले गणित

समुद्रात ४० मीटर खोलीवर दाब सुमारे ५ वातावरणांइतका असतो. त्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात व ऊतकांत विरघळतो. पाणबुड्या त्वरेने वर आल्यास त्याचे बुडबुडे बनून पक्षाघात, क्वचित मृत्यूही ओढवतो. म्हणून वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणे अवश्य ठरते. जॉन हॉल्डेन व त्यांचे सहकारी यांनी १९०८ मध्ये अशा थांब्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. पुढे झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान यांनी शरीराचे १६ विभाग कल्पून प्रत्येकाची वायू शोषण्याची गती निराळी मानली.

मनगटावरील गणकयंत्र खोली व काळ मोजून हे गणित क्षणोक्षणी करते. अनेक यंत्रांची आज्ञावली गुप्त असते. जर्मनीतील ‘ओएसटीसी’ या यंत्राची मात्र खुली असून जाणकारास ती तपासता व बदलता येते. ‘ग्रेडियंट फॅक्टर’ नामक दोन अंक पाणबुड्या स्वतः ठरवतो. पहिल्यावर पहिल्या थांब्याची खोली अवलंबून असते. दुसरा कमी केल्यास पृष्ठभागी येण्यापूर्वीचे थांबे लांबतात.

तथापि, या गणितात थकवा वा शरीरातील पाण्याची उणीव जमेस धरलेली नाही. गणित खुले झाल्याने पाणबुड्यास अधिकार लाभला. त्याबरोबर निवडलेल्या अंकांची जबाबदारीही त्याच्याकडेच आली.