गाव आधी, पदवी मागाहून

घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावात बारावी सायन्सच्या मुलीला ‘पुढे काय?’ असं विचारलं, तर उत्तर बहुधा घरचेच देऊन टाकतात: एमबीबीएस, नाहीतर बीएएमएस, तेही नाही जमलं तर नर्सिंग. या उतरंडीत ‘सार्वजनिक आरोग्य’ हे मडकं नसतंच. दवाखान्याची पाटी सगळ्यांना दिसते. जुलाबाची साथ आलीच नाही, म्हणून वाचलेलं मूल कुणाच्या नजरेत येणार?

म्हणूनच या विषयाच्या विद्यार्थ्याला वाट दाखवणारं माणूस लागतं. ते भेटलं तर काय घडू शकतं, याचा नवलाचा दाखला महाराष्ट्रातच आहे.

मसुरीला जन्मलेले कार्ल टेलर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरचे पदवीधर नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करत होते. बरे होऊन गेलेले रुग्ण त्याच आजाराने पुन्हा दारात येत. हा प्रश्न घेऊन ते टेलरांकडे शिकायला गेले, तिथेच कामाचा आराखडा आखला आणि १९७० मध्ये जामखेडला उतरले. गावच्या बायका, त्यातल्या कितीतरी निरक्षर, तिथे आरोग्यसेविका झाल्या. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगही हॉपकिन्सलाच शिकले आणि परतून १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. तिथलं एक साधन पाहण्यासारखं आहे. बाळाच्या न्यूमोनियाची खूण म्हणजे वाढलेला श्वास, पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने तो ओळखायचा कसा? उत्तर निघालं एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाच मणी हिरवे, सहावा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की उपचार सुरू. साथरोगशास्त्राचं अख्खं प्रकरण मण्यांत मावलं! घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हेच काम आहे.

दोन्ही दांपत्यांकडे पदवीच्या आधी प्रश्न होता. आपल्याकडचं करिअर मार्गदर्शन बहुतेकदा कटऑफ आणि फी यांच्या पुढे सरकतच नाही. बंगांनी २००६ मध्ये तरुणांसाठी सुरू केलेल्या ‘निर्माण’ची शिबिरं मला म्हणूनच मोलाची वाटतात. आपलं शिक्षण कुणाच्या कोणत्या प्रश्नासाठी वापरायचं, हे तिथे आधी विचारलं जातं. एमबीबीएस झालेल्या कित्येकांना सरकारी बाँडचं एक वर्ष नकोसं वाटतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातलं ते वर्ष म्हणजे सार्वजनिक आरोग्याची फुकटची शाळा, हे मात्र कुणीतरी वेळेत सांगावं लागतं.

डॉक्टर नसलेल्यांनाही दार उघडं आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, पुणे विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी मिळते. पुढे साथरोगतज्ज्ञ, कार्यक्रम व्यवस्थापक, संशोधक अशा वाटा फुटतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली पदं पुष्कळदा कंत्राटी असतात, हेही मार्गदर्शकाने लपवू नये. पिंपळगावच्या मुलीने अर्ज भरण्याआधी आपल्या आशाताईंबरोबर चार घरं फिरावीत आणि त्यांच्या नोंदवहीत कोणत्या आजाराची नावं पुन्हा पुन्हा येतात ते पाहावं.