विषाणू निघून जातो, वास परतत नाही

आदिलाबाद जिल्ह्याच्या उटनूर-इंद्रवेल्ली पट्ट्यात मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली वेचल्या जाणाऱ्या, तेलुगूत इप्प पुव्वू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोहफुलांत २-असिटिल-१-पायरोलिन नावाचा एक रेणू असतो आणि अंबेमोहर किंवा बासमती तांदूळ शिजताना दरवळतो तोही हाच रेणू होय. पुण्यातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी मोहफुलांत हा रेणू कसा तयार होतो याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. दहा अब्ज भाग पाण्यात याचा एक भाग असला, तरी निरोगी नाकाला तो जाणवतो. इतकी सूक्ष्म जाणीव एखाद्या साध्या विषाणूमुळे महिनोन्‌महिने नाहीशी कशी होते, हे समजण्यासाठी नाकाची अंतर्रचना पाहावी लागते.

नाकपुडीच्या आत, बाजूच्या भिंतीवरून आत वळलेली, हाडाचा आधार असलेली तीन पटले असतात, त्यांना शुक्तिका म्हणतात. आत आलेली हवा त्यांच्यावरून जाताना ऊबदार आणि दमट होते. शांत श्वासोच्छ्वासात बहुतेक हवा खालच्या मार्गाने घशाकडे निघून जाते आणि तिचा थोडाच अंश नाकाच्या छतापर्यंत पोहोचतो, म्हणूनच वास नीट कळावा यासाठी माणूस झटक्याने हुंगतो. या छताशी काही चौरस सेंटिमीटर एवढेच घ्राणपटल, म्हणजे वास ओळखणाऱ्या पेशींचा थर, असते. त्यातील चेतापेशींचे अतिसूक्ष्म तंतू श्लेष्म्यात बुडालेले असतात आणि त्यांच्यावरील ग्राही, म्हणजे गंधरेणू पकडणारी प्रथिने, माणसात सुमारे ४०० प्रकारची असतात. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये या ग्राहींच्या जनुकांचे कुटुंब शोधून काढले आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चेतापेशींचे दुसरे टोक बारीक छिद्रे असलेल्या हाडाच्या पातळ पट्टीतून थेट मेंदूच्या घ्राणकंदात, म्हणजे वासाचे संकेत घेणाऱ्या भागात, शिरते. बाहेरच्या हवेशी इतकी उघडी आणि मेंदूशी इतकी थेट जोडलेली दुसरी चेतापेशी शरीरात नाही.

साध्या सर्दीत नाक चोंदल्याने गंधरेणू छतापर्यंत पोहोचत नाहीत आणि नाक मोकळे झाले की वास परत येतो. करोनात मात्र नाक मोकळे असूनही वास गेला, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२० मध्ये वास किंवा चव जाणे या लक्षणाचा अधिकृत यादीत समावेश केला. चेतापेशी मेल्या असाव्यात असा पहिला तर्क होता. तो बहुतांशी चुकला. विषाणूला चिकटण्यासाठी लागणारे एसीई-२ हे प्रथिन चेतापेशींवर नव्हे, तर त्यांना आधार आणि पोषण देणाऱ्या शेजारच्या आधारपेशींवर असते. त्या कोसळल्या की चेतापेशींचे तंतू झडतात आणि त्यांच्यातील ग्राहींची निर्मितीही मंदावते. घ्राणपटलाच्या तळाशी मूलपेशी आयुष्यभर नव्या पेशी घडवत असल्याने बहुतेकांची गंधशक्ती काही आठवड्यांत परतते. ज्यांची परतत नाही, त्यांच्या घ्राणपटलात विषाणू नसतानाही प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशी ठाण मांडून दाह चालू ठेवतात, असे २०२२ मधील ऊती-तपासणीत आढळले.

रुग्ण बहुधा ‘चव गेली’ अशीच तक्रार करतो. प्रत्यक्षात जिभेला गोड, खारट, आंबट, कडू कळत असते. घास चावताना घशामागून नाकात चढणारा गंध तेवढा नाहीसा झालेला असतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा खाल्ला तर मीठ लागते, मिरची झोंबते, पण लसूण कळत नाही. मिरचीची झोंब चेहऱ्याची स्पर्शसंवेदना वाहणाऱ्या पाचव्या मस्तिष्क-चेतेमार्फत जाणवते आणि ती शाबूत असते. त्यामुळे फोडणीचा ठसका लागतो म्हणजे नाक ठीक आहे, हा घरगुती निष्कर्ष फसवा ठरतो. कापराने किंवा अमोनियाने नाक तपासणेही याच कारणाने निरुपयोगी.

दृष्टी आणि श्रवण मोजण्याची सोय तालुक्याच्या गावीही असते, घ्राणशक्ती मात्र क्वचितच कोणी मोजतो. पुण्याच्या आयसर संस्थेतील निक्सन अब्राहम यांच्या गटाने २०२० मध्ये ठरावीक तीव्रतेचे गंध देणारे उपकरण वापरून, लक्षणे नसलेल्या करोनाबाधितांची तपासणी केली, तेव्हा वास गेल्याची तक्रार करणारे मोजके, पण मोजमापात उणीव दिसणारे त्यांच्या कितीतरी पट निघाले. गंध जाणवतो का, हे विचारणाऱ्या अशा चाचणीचा फायदा असा की तो गंध कशाचा हे सांगण्याची गरज नसते. अमेरिकेत १९८४ मध्ये रूढ झालेल्या ४० गंधांच्या चाचणीत रूट बिअर आणि पम्पकिन पाय आहेत. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ किंवा जैनदच्या शेतकऱ्याला ते ओळखता आले नाहीत, तर दोष त्याच्या नाकाचा मानता येणार नाही. या भागासाठी चाचणी बेतायची, तर तिच्यात मोहफूल, हिंग आणि रॉकेल हवे.

उपचारांत आजवर सर्वाधिक आधार मिळालेला उपाय औषधाचा नाहीच. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेल्या गंध-सरावात गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार गंध सकाळ-संध्याकाळ, किमान १२ आठवडे, लक्ष देऊन हुंगायचे असतात. पुढील अभ्यासांत सराव लांबवल्यास आणि गंध बदलत राहिल्यास लाभ वाढलेला दिसला. सरावाचा गुण सर्वांनाच येतो असे नाही, पण खर्च आणि धोका नगण्य असल्याने तो न करण्याचे कारणही दिसत नाही. सुधारणेच्या वाटेवर बऱ्याच जणांना कॉफी, परतलेला कांदा किंवा लसूण यांचा वास सडका, जळका भासू लागतो, कारण नव्याने वाढणाऱ्या चेतापेशींची घ्राणकंदाशी जोडणी अजून अपुरी असते; हा गंधविपर्यास त्रासदायक असला तरी डॉक्टर त्याला बहुधा चेता पुन्हा जुळत असल्याचे लक्षण मानतात, आणि तो असेपर्यंत फोडणीच्या गरम जेवणापेक्षा गार दहीभात अशा रुग्णाला अधिक सहज जातो.