सरगुंडे, बुझियाते आणि पोकळीचं गणित

इटलीच्या पास्त्यातली स्पॅगेटी, पेने, मॅकरोनी ही नावं आपल्याकडे आता रुळली आहेत. बुझियाते हे नाव मात्र क्वचितच कानावर येतं. सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला त्रापानी नावाचं शहर आहे, तिथला हा पास्ता. रव्याची घट्ट कणीक भिजवायची, तिच्या बारीक दोऱ्या वळायच्या, एकेक दोरी पातळ काडीवर किंवा विणकामाच्या सुईवर तिरकी गुंडाळायची, तळहाताने हलकेच फिरवायची आणि अलगद सरकवून काढायची. काडी निघते, मागे पोकळ पीळ राहतो. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर किंवा पवनीकडच्या वाचकाला ही कृती नवी वाटायचं कारण नाही, कारण पूर्व विदर्भात उन्हाळी वाळवणात सरगुंडे असेच होतात. कणकेची दोरी काडीवर गुंडाळून काढायची, वाळवायची आणि आंब्याचा रस सुरू झाला की उकडून रसाबरोबर वाढायची. हा पीळ केवळ शोभेसाठी आहे असं समजलं जातं. माझं म्हणणं वेगळं आहे. कणीक वाळवणं, शिजवणं आणि तिच्यात रस धरून ठेवणं या तिन्ही अडचणींवर ही पोकळी एकाच वेळी उत्तर देते, आणि म्हणूनच एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन स्वयंपाकघरांत ती सापडते.

आधी शिजण्याचं पाहू. वाळलेली कणीक उकळत्या पाण्यात पडली की पाणी बाहेरून आत झिरपू लागतं. झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहा मिलिमीटर जाडीची भरीव कांडी घेतली तर पाण्याला मध्यापर्यंत तीन मिलिमीटर आत जावं लागतं. तेवढ्याच बाहेरच्या मापाचा, पण दोन मिलिमीटरच्या दोरीचा पोकळ पीळ घेतला तर पाणी आतल्या बाजूनेही शिरतं आणि त्याला एकच मिलिमीटर जायचं असतं. अंतर एक तृतीयांश झालं, म्हणजे वेळ ढोबळमानाने एक नवमांश. भरीव कांडीचा गाभा शिजेपर्यंत तिचं बाहेरचं अंग लगदा होऊन पाण्यात विरघळू लागतं. पोकळ पिळात आतबाहेर जवळपास एकदमच शिजतं. ताटात भरदार तुकडा हवा आणि तो कच्चाही नको, लिबलिबीतही नको, तर मधला भाग काढून टाकणं हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

वाळवताना हेच गणित उलट्या दिशेने चालतं. ओल्या कणकेचा पृष्ठभाग आधी सुकतो आणि आकसतो, आतला भाग मात्र अजून फुगलेलाच असतो. या ताणातून बारीक तडे जातात. ते लगेच दिसत नाहीत, उकळत्या पाण्यात तुकडे पडले की कळतं. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा चाळिशीच्या बराच वर असतो आणि दुपारची हवा कोरडी असते, त्यामुळे हा धोका इथे सिसिलीपेक्षा जास्त. दोन्ही बाजूंनी हवा लागणारी पातळ भिंत त्यावर अर्धा उपाय करते. उरलेला अर्धा उपाय माणसाच्या हातात असतो. पहिले काही तास सावलीत, सुती कापडाखाली ठेवायचं आणि मगच उन्हात न्यायचं. इटलीच्या 2001 च्या नियमानुसार सुक्या पास्त्यात ओलावा 12.5 टक्क्यांहून जास्त चालत नाही. त्या पातळीला बुरशीला वाढायला लागणारं मोकळं पाणी उरत नाही. पावसाळाभर डब्यात टिकणारं आपलं वाळवणही याच तत्त्वावर टिकतं.

इथे एक आक्षेप येतो. भंडारा हा धानाचा जिल्हा. धानाच्या बांध्या, पाणी साठवणाऱ्या बोड्या, माजी मालगुजारी तलाव, साकोलीच्या संशोधन केंद्रात चालणारं धानाचं काम, सगळा कारभार तांदळाभोवती फिरतो. मग इथल्या अंगणात गव्हाचा पदार्थ का? कारण गव्हाच्या कणकेला ताण देणारं ग्लुटेन हे प्रथिन तांदळाच्या पिठात नसतं. थंड पाण्यात मळलेल्या तांदळाच्या पिठाची दोरी काडीवर वळायला गेलं की तुटते. तांदळाला आकार द्यायचा तर आधी उकड काढावी लागते, म्हणजे गरम पाण्यात त्यातला स्टार्च फुलवून त्यालाच चिकटवण्याच्या कामाला लावावं लागतं. कुरडईत गहू असला तरी मार्ग हाच आहे. गहू दिवसेंदिवस भिजवून, वाटून, गाळून त्याचा चीक घेतात, ग्लुटेन चोथ्याबरोबर बाजूला पडतं आणि शिजलेला स्टार्च सोऱ्यातून उतरतो. सरगुंड्यात याच्या नेमकं उलट होतं. तिथे स्टार्च कच्चाच असतो आणि आकार धरतं ते ग्लुटेन. एकाच अंगणात, एकाच आठवड्यात, बांधणीच्या या दोन परस्परविरोधी पद्धती बायका सहज हाताळतात. अन्नशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याहून चांगलं उदाहरण शोधावं लागेल.

ग्लुटेन मात्र सगळ्या गव्हांत सारखं नसतं. आपल्या पोळीच्या गव्हात, उदाहरणार्थ लोकवनमध्ये, 42 गुणसूत्रं असतात. पास्त्याच्या ड्युरम गव्हात, ज्याला आपण बन्सी म्हणतो, 28. ड्युरमकडे नसलेल्या ‘डी’ नावाच्या गुणसूत्रसंचावर दाणा मऊ ठेवणाऱ्या प्रथिनांची जनुकं असतात. म्हणून ड्युरमचा दाणा कडक राहतो आणि जात्यात त्याचं पीठ होण्याआधी टणक रवा पडतो. कणकेला मागे खेचणाऱ्या ग्लुटेनिनचे काही प्रकारही त्याच संचातून येतात. पोळीच्या कणकेची दोरी गुंडाळली की ती परत उलगडू पाहते. ड्युरमची दोरी ठेवली तशी राहते. काडीवरच्या पिळासाठी हाच गुण हवा. इटलीने तर 1967 च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरमचाच असावा असं ठरवून टाकलं.

पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेल्या गव्हाचेच सरगुंडे झाले आणि ते चांगले झाले, असं कोणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. सावकाश वाळवलं आणि वेळेवर उतरवलं तर पोळीचा गहूही आकार धरतो. पण जरा जास्त शिजला की पाणी गढूळ होतं, पृष्ठभाग चिकटतो. ड्युरममध्ये प्रथिनांची जाळी स्टार्चचे फुगलेले कण अधिक घट्ट कोंडून ठेवते, त्यामुळे चुकीला थोडी जागा मिळते. असा गहू परदेशातून आणायची गरज नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा ‘शरद’ हा ड्युरम वाण आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या ‘एमएसीएस 4028’ या ड्युरम वाणात सुमारे 14.7 टक्के प्रथिनं आहेत आणि तो कोरडवाहू लागवडीसाठी काढलेला आहे. धान निघाल्यावर रब्बीत गव्हाचा तुकडा करणाऱ्या शेतकऱ्याने घरच्या वाळवणापुरता तरी असा वाण लावून पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

हा पीळ कुणाकडून कुणाकडे गेला असेल, हा प्रश्न साहजिक आहे. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात पिठाच्या शेवया मोठ्या प्रमाणावर होतात आणि जहाजांनी बाहेर जातात, अशी नोंद अल्-इद्रिसी या भूगोलकाराने 1154 मध्ये केली आहे. म्हणजे सुकवलेल्या कणकेचा प्रवास जुना आहे. पण काडीवरच्या पिळासाठी प्रवासाची गरजच नाही. ताणली जाणारी कणीक, गोल काडी आणि वाळवायला ऊन या तीन गोष्टी जिथे असतील तिथे हाच आकार सुचण्याची शक्यता मोठी. दक्षिण इटलीतच कालाब्रियात फिलेया नावाने जवळजवळ हेच करतात.

हे शेवटी पिठाचंच खाणं, मधुमेहाच्या काळात त्याचं कौतुक कशाला, ही शंकाही रास्त आहे. दाबून मळलेल्या, वाळवलेल्या कणकेची घट्ट रचना पचनरसांना आत शिरायला वेळ लावते, म्हणून पास्त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे रक्तातली साखर किती वेगाने वाढते याचं माप, त्याच पिठाच्या फुगीर पावापेक्षा कमी येतो. मात्र सरगुंडे मऊ होईपर्यंत उकडले तर हा फायदा बराचसा जातो, आणि आमरसातली साखर तर वेगळीच मोजावी लागते.

आता कृतीकडे. रव्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी पुरतं; कणीक कोरडी वाटली तरी अर्धा तास झाकून ठेवावी, कारण रव्याचे कण पाणी सावकाश पितात. शिजवताना पाणी भरपूर आणि खळखळतं हवं. पहिली दोन मिनिटं हलकेच ढवळावं, त्याच वेळी पृष्ठभागावरचा स्टार्च चिकट होतो. एक सरगुंडा कापून पाहावा. मधला पांढरा ठिपका गेला की लगेच निथळावेत. रसाबरोबर द्यायचे असतील तर गरम असतानाच तूप चोळावं आणि पानात रस ऐन वेळी घालावा. आधीपासून थंड रसात ठेवले तर शिजलेला स्टार्च पुन्हा आवळतो आणि ते चिवट लागतात. फेऱ्यांच्या अरुंद फटींत रस पृष्ठताणाने धरला जातो, त्यामुळे घासागणिक तो जास्त येतो.

त्रापानीत बुझियातेवर बदाम, टोमॅटो, लसूण आणि बेझिल कुटून घालतात. आपल्याकडे बदामाऐवजी भाजलेला जवस घ्यावा. जवसाच्या सालीत पाण्यात फुगणारं चिकट द्रव्य असतं. ते आणि शिजवलेल्या पाण्यातला स्टार्च मिळून तेल बारीक थेंबांत धरून ठेवतात. म्हणून निथळताना वाटीभर पाणी बाजूला काढावं आणि लसूण, पिकला टोमॅटो, जवसाची पूड व कच्चं तेल यांच्या वाटणात ते थोडं थोडं मिसळावं. वाटण दाट होऊन पिळाच्या फेऱ्यांना धरून राहतं, तेल ताटाच्या कडेला सुटत नाही.