काळ्या मातीवरचं न्हाणीघर : फरशी आपली आपण बसवताना

आजचा विषय घरगुती आहे. न्हाणीघराची फरशी स्वतःच्या हाताने कशी बसवायची, हे आज समजून घेऊ. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात जा, जुन्या घराला लागून नवं न्हाणीघर बांधलेलं दिसतं. भिंती उभ्या राहतात, पत्रे पडतात, आणि फरशीच्या वेळी पैसे संपतात. मग घरातलाच कोणीतरी म्हणतो, "आपणच बसवू." तर, बसवता येते. हात हळूहळू वळतो. पण काय बसवतोय आणि कशावर, हे आधी कळलं पाहिजे.

सगळ्या व्याख्यानाचा मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. फरशी पाणी अडवत नाही. पाणी अडवतो तो फरशीच्या खालचा थर. दोन फरश्यांमधल्या सांध्यातून पाणी थोडंथोडं झिरपतंच, सांधे कितीही चांगले भरा.

आता कोणी म्हणेल, झिरपलं तर झिरपलं, जमिनीतच जाईल ना? नेमकी तिथेच आपल्या भागाची अडचण आहे. आपली काळी माती काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या झिजेतून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. घराखालची मातीही तशीच वागते. पावसाळ्यात ती सगळीकडे भिजते, पण गळक्या न्हाणीघराखाली मात्र ती बाराही महिने ओली राहते. म्हणजे घराचा एक कोपरा फुगलेल्या मातीवर आणि बाकीचं घर आकसलेल्या मातीवर. मग खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरपी चीर जाते. आपण तिच्यात सिमेंट भरतो, पुढच्या वर्षी ती पुन्हा उघडते. दोष भिंतीत शोधतो, आणि पाणी येत असतं न्हाणीतून.

आधीच्या पिढ्यांचं काय होतं? शेणाने सारवलेली जमीन खराब झाली की पुन्हा सारवायची. पुढे शहाबादी फरशी आली. हा चुनखडीचा दगड कर्नाटकातल्या शहाबादचा. माती खचली की ती फरशी पहारीने उचलायची, खाली मुरूम टाकायचा, पुन्हा बसवायची. आज गुजरातमधल्या मोरबीहून येणारी टाइल एकदा चिकटली की फोडूनच निघते. म्हणून पूर्वी नंतर दुरुस्त करता येत होतं, ते आता आधीच नीट करावं लागतं.

तर कामाचा क्रम बघू.

पहिलं, पाया. न्हाणीच्या जागेतली काळी माती दीड-दोन फूट काढून टाका. पण घराच्या भिंतीचा पाया उघडा पडेल इतकं खोल भिंतीलगत खणू नका. त्या जागी मुरूम भरा, एकदम नाही, सहा-सहा इंचांचे थर करून, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून आणि धुम्मस मारून. वर चार इंच काँक्रीट, एक घमेलं सिमेंटला तीन रेती, सहा गिट्टी. त्याला सात दिवस पाणी मारा. नळाचे आणि सांडपाण्याचे पाइप याच टप्प्यात टाकून, पाणी सोडून तपासून घ्या. झाकल्यावर गळती सापडत नाही.

दुसरं, उतार. पाच फुटांना एक इंच, हा हिशोब लक्षात ठेवा. सगळा उतार नहाणी ट्रॅपकडे. लेव्हल बघायला महागडं यंत्र लागत नाही, पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे काढा, दोन टोकांना पाणी एकाच पातळीवर राहतं. उतार द्यायचा तो खालच्या काँक्रीटलाच. पुष्कळ जण खाली सपाट ठेवतात आणि फरशी बसवताना मसाल्याने उतार काढतात. मग सांध्यातून उतरलेलं पाणी खाली डबक्यासारखं साचून राहतं, आणि चार दिवस न्हाणी वापरली नाही तरी कुबट वास येत राहतो.

तिसरं, वॉटरप्रूफिंग. ब्रशने लावायचा सिमेंट-पॉलिमरचा लेप मिळतो. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात आधी सिमेंटचा गोलसर वाटा काढा, कारण लेप फाटतो तो तिथेच. मग दोन हात, एक आडवा, एक उभा. भिंतीवर निदान एक फूट चढवा. शॉवर असेल त्या भिंतीवर डोक्याच्या वरपर्यंत.

चौथं, परीक्षा. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी आहे. लेप वाळला की ट्रॅपचं तोंड बोळ्याने घट्ट बंद करा. उंच बाजूलाही जमीन बुडेल एवढं पाणी भरा आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. आता आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी नुसतं वाफ होऊनही उतरतं, म्हणून शेजारी एक पसरट भांडं भरून ठेवा आणि त्यावरही खूण करा. चोवीस तासांनी दोन्हीकडे बघा. न्हाणीतलं पाणी भांड्यापेक्षा जास्त उतरलं असेल तर कुठेतरी गळतंय. आधी ते शोधा. तोवर टाइलचा खोका उघडूसुद्धा नका.

पाचवं, टाइलची निवड. दोन जाती ओळखा. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल पाणी शोषते, आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त. सिमेंटच्या मसाल्यात बसवायची तर ती आधी भिजवावी लागते, नाहीतर मसाल्यातलं पाणी ती ओढून घेते आणि मसाला कच्चा राहतो. विट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा शोषत नाही. तिला भिजवून उपयोग नाही, आणि साधं सिमेंट तिला नीट धरत नाही. तिच्यासाठी टाइल अ‍ॅडेसिव्हच घ्या. न्हाणीच्या जमिनीला खरखरीत, मॅट टाइल हवी, फूट बाय फूट किंवा त्याहून लहान. लहान टाइल उताराबरोबर वळते आणि जास्त सांध्यांमुळे पायाला पकड मिळते. घरात म्हातारं माणूस असेल तर चकचकीत टाइल स्वस्तात मिळाली तरी नको. घसरून खुबा मोडला तर ते माणूस अंथरुणाला खिळतं.

हिशोब सोपा आहे. पाच बाय सात फुटांची न्हाणी म्हणजे 35 चौरस फूट. फूटभर टाइल 35 लागतील, तुटफूट आणि कापाकापीसाठी दहा टक्के धरा, म्हणजे 39. सगळे खोके एकाच बॅचचे घ्या, नंतर आणलेल्या टाइलचा रंग जुळत नाही.

सहावं, बसवणं. आधी कोरड्याच मांडून बघा, कापलेले तुकडे दाराजवळ नाही तर मागच्या भिंतीला जातील असे. काटकोन तपासायला तीन-चार-पाचची दोरी पुरते. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजा, तिरपं अंतर पाच फूट भरलं की कोपरा काटकोनात आहे. अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने सगळीकडे सारखं पसरा. टाइलच्या मागे पाच ठिपके देऊन चिकटवणं टाळा. मधल्या पोकळीत पाणी भरतं आणि वरून बादली आपटली की टाइल फुटते. मधूनमधून एखादी टाइल उचलून मागे बघा, माल पूर्ण लागलाय का. वाळल्यावर लाकडी दांड्याने ठोका, पोकळ वाजली तर काढून पुन्हा बसवा. दोन टाइलमध्ये स्पेसर घालून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. मोठ्या खोलीत भिंतीलगतही बोटभर नाही, पण पाच-सहा मिलिमीटर फट हवीच, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, टाइल प्रसरण पावते, आणि जागा नसेल तर मधोमध उचलली जाते. सांधे दुसऱ्या दिवशी भरा.

आता अंगाची काळजी. ओलं सिमेंट कातडी भाजतं, रबरी हातमोजे घाला. कटर कोरडा चालवला की उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. म्हणून पाणी सोडून कापा आणि मास्क लावा. पाणी आणि वीज एकत्र आली, तेव्हा अर्थिंग आणि ईएलसीबी नसलेल्या जोडणीवर कटर लावायचाच नाही. साध्या सरळ टाइलला हाताने ओढायचा कटर पुरतो.

मग मिस्त्री कधी बोलवायचा? न्हाणी वरच्या मजल्यावर असेल, किंवा भिंतीला आधीच चीर असेल, तर आधी जाणकाराला दाखवा. पैसे थोडेच असतील तर आमचा सल्ला असा की पाया, उतार आणि वॉटरप्रूफिंग यांत काटकसर करू नका, टाइल साधी घ्या. पहिला हात साफ करायला न्हाणी निवडू नका. आधी सामानाच्या खोलीत दहा-बारा टाइल बसवून बघा.

शेवटचं, सफाई. पिवळे डाग काढायला अ‍ॅसिड ओतायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. अ‍ॅसिड सांध्यातलं सिमेंट खातं, आणि शहाबादी असेल तर दगडच खातं. साबण आणि ब्रश पुरेसा आहे. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, सांधे तपासा आणि जिथे निघालेत तिथे भरा.

इथे थांबतो. तुमच्या घरच्या न्हाणीबद्दल प्रश्न असतील तर जरूर विचारा, मापं सोबत घेऊन विचारलंत तर उत्तर नेमकं देता येईल.