सोंगाड्या ते खलनायक : निळू फुले यांचा प्रवास

डोक्यावर टोपी, ओठांच्या कोपऱ्यात रेंगाळणारे हसू, तिरपी नजर आणि मुद्दाम खाली ठेवलेला घोगरा आवाज. नकलाकार आजही एवढ्या भांडवलावर निळू फुले उभे करतात आणि हमखास टाळ्या घेतात. मात्र या नकलेत उरतो तो केवळ पाटील. त्या पाटलाला ज्याने घडवले, तो लोकनाट्यातला सोंगाड्या विस्मरणात जातो.

पुण्यात 'एएफएमसी' या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा हा तरुण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून रंगमंचावर आला. गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा जुना बाज घ्यायचा आणि त्यातून लोकांशी चालू राजकारणाबद्दल बोलायचे, ही कलापथकाची रीत. १९५७च्या निवडणुकीच्या वातावरणात निळूभाऊंनी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य स्वतः लिहिले. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे'मधील रोंग्याने त्यांना ओळख दिली, तर शंकर पाटील यांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची'ने लोकप्रियता.

लोकनाट्यात संहिता हे निमित्त असते. त्या दिवशीच्या बातमीवर, समोर बसलेल्या गावपुढाऱ्यावर शेरा मारायचा, हशा पिकला की थांबायचे आणि तो ओसरण्यापूर्वी पुढचे वाक्य टाकायचे. ही हजरजबाबी लय कोणत्याही नाट्यशाळेत शिकवून येत नाही. १९६८मध्ये अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तील झेलेअण्णा साकारताना निळूभाऊंनी ती लय पडद्यावर नेली. कॅमेरा जवळ असल्याने आवाज चढवण्याची गरज उरली नव्हती. त्यांनी तो उतरवला आणि विराम तेवढे राखले. खेळात ज्या विरामानंतर हशा येई, त्याच विरामानंतर चित्रपटगृहात आता धाक वाटू लागला.

अमेरिकेतही व्हॉडव्हिल नावाचा असाच नाच, गाणी आणि नकलांचा फिरता खेळ होता. बोलपट आल्यावर तो मोडला आणि त्याचे कलावंत हॉलिवूडच्या आश्रयाला गेले. 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधला (१९३९) भित्रा सिंह रंगवणारा बर्ट लार हा त्यांपैकीच एक. आपल्याकडे मात्र १९६०च्या दशकात लोकनाट्य आणि चित्रपट हातात हात घालून चालत होते. दादा कोंडके, राम नगरकर हेही त्याच कलापथकाच्या मुशीतले.

पण चित्रपटाने निळूभाऊंना वारंवार एकच माप दिले. वाड्यातला बेरकी पाटील, सरपंच, सावकार. गावोगावच्या स्त्रिया त्यांना पाहून चार पावले मागे सरत, असे किस्से सर्वश्रुत आहेत. प्रत्यक्षात हा माणूस अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वावरत होता, डॉ. श्रीराम लागू यांच्यासह 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे उभे करत होता. अभिनयाला मिळालेली ती दाद असेलही. पण एका विनोदी नटाची ती कोंडीही होती.

ही कोंडी फुटली ती लेखकांमुळे, हे मान्य करायला हवे. १९७२मध्ये विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ने त्यांना शिवराळ, हिंस्र, तरीही एकाकी असा माणूस दिला. त्या नाटकावरचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे तेंडुलकरांच्याच लेखणीतून उतरलेला, जब्बार पटेल दिग्दर्शित 'सामना' १९७५च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. त्यातील साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील हा नुसता दुष्ट नाही. त्याने गावात कारखाना आणला आहे, त्याला पाहुणचार ठाऊक आहे, आणि एका बेपत्ता माणसाबद्दलचा प्रश्न त्याची झोप उडवतो. सहकाराच्या राजकारणाचे इतके अचूक चित्र मराठी पडद्यावर क्वचितच उमटले असेल. महेश भट यांच्या 'सारांश'मधला (१९८४) गजानन चित्रे हे त्याच सत्तेचे शहरी रूप.

मला मात्र 'सिंहासन'मधला (१९७९) दिगू टिपणीस अधिक आठवतो. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या या चित्रपटात निळूभाऊ सत्तेच्या खुर्चीत नाहीत; ते तिच्याभोवतीचे डाव टिपणारे पत्रकार आहेत. शेवटी सारा खेळ पाहून दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. पडद्यावर एरवी धाक घालणारा तो आवाज तिथे पुन्हा हसतो, पण या वेळी समोर हशा देणारे कोणी नसते.

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.